सर्व्हरवर आणि ब्राउझरमध्ये एकच भाषा वापरायची असेल तर कोणती निवडावी?

पाचवी गल्ली (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही दादरला सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी मासिक देखभाल बिलांचे सॉफ्टवेअर तयार करतो. सर्व्हरचा भाग पायथनमध्ये, जँगो ही वेबसाठीची तयार चौकट (फ्रेमवर्क) वापरून लिहिलेला आहे आणि ब्राउझरमधला भाग साध्या जावास्क्रिप्टमध्ये आहे. यंदा हे सगळे नव्याने लिहायला घ्यायचे आहे. त्याआधी भाषेचा निर्णय पूर्ण विचाराने व्हावा, म्हणून हा धागा काढत आहे.

अडचण अशी की बिलाचे सगळे नियम आम्हाला दोनदा लिहावे लागतात. सेवा शुल्क, सिंकिंग फंड, पार्किंग, सदनिका भाड्याने दिलेली असल्यास सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, थकबाकीवर उपविधींनुसार द.सा.द.शे. २१ पर्यंतचे सरळव्याज, आणि संस्थेला जीएसटी लागू असून सभासदाची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांच्या वर गेली तर त्यावरचा कर, इतके सगळे त्यात येते. सचिव आकडे भरत असताना पडद्यावर दिसणारे बिल जावास्क्रिप्ट काढते आणि नंतर छापले जाणारे बिल पायथन काढते. मागच्या तिमाहीत एका सभासदाचे बिल पडद्यावर ७,४६३ रुपये आणि कागदावर ७,४६२ रुपये आले. फरक रुपयाचाच आहे, पण सर्वसाधारण सभेत उभे राहून त्याचा खुलासा सचिवांना करावा लागतो, आणि त्या खुलाशानंतर उरलेल्या आकड्यांवरही कोणी सहजी विश्वास ठेवत नाही.

आमच्याकडे पडद्यासाठी वेगळा आणि सर्व्हरसाठी वेगळा माणूस नाही. नव्याने येणारी मुले मुंबई-ठाण्याच्या महाविद्यालयांतून जावा किंवा पायथन शिकून येतात. दोन्हीकडे एकच भाषा ठेवायची झाल्यास ती कोणती असावी, आणि मुळात तसे करावे का, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

मध्य रेल्वे

प्रथम त्या रुपयाबद्दल लिहितो, कारण भाषेच्या निवडीशी त्याचा थेट संबंध आहे. तुमची मूळ रक्कम ७,४६२ रुपये ५० पैसे असणार. जावास्क्रिप्टचे मॅथ-राउंड नेमका अर्धा आला की वर जाते, म्हणून ७,४६३ मिळाले. पायथन ३ चे राउंड नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाते, म्हणून ७,४६२ मिळाले. दोन्ही भाषा आपापल्या लिखित नियमाप्रमाणेच वागल्या आहेत. केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम १७० मात्र पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर पुढचा रुपया धरा, असे सांगते, त्यामुळे करापुरते तरी पायथनचे मूळ राउंड तुम्हाला चालणारच नाही. पायथनच्या डेसिमल मॉड्यूलमध्ये अर्ध्याला वर नेण्याची पद्धत निवडता येते. एवढ्या एका दोषासाठी संपूर्ण सॉफ्टवेअर नव्याने लिहिण्याची गरज नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

तरीही एका भाषेची तुमची इच्छा मला योग्य वाटते, आणि त्यासाठी मी टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचीच विस्तारित आवृत्ती, सुचवेन. सर्व्हरची भाषा आपण निवडू शकतो. ब्राउझरची भाषा १९९५ मध्येच ठरून गेली आहे. नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, १९९७ मध्ये एक्मास्क्रिप्ट या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले, आणि तेव्हापासून प्रत्येक ब्राउझरला समजणारी भाषा तीच राहिली. दुसरी भाषा आणण्याचे प्रयत्न मोठ्या कंपन्यांनीही करून पाहिले. गूगलने २००६ मध्ये जावाचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारे साधन काढले आणि २०११ मध्ये डार्ट ही नवी भाषा आणली. डार्ट थेट क्रोममध्ये चालवण्याचा बेत २०१५ मध्ये गूगलनेच सोडून दिला. २०१९ पासून वेबअसेम्ब्लीला, म्हणजे इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवण्याच्या पद्धतीला, डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत मान्यता आहे आणि तिच्यामुळे रस्ट, सी-शार्प, अगदी पायथनसुद्धा ब्राउझरमध्ये चालते. पण पानावरची एखादी चौकट बदलायची झाली तरी त्यांना आजही जावास्क्रिप्टच्या मध्यस्थीनेच जावे लागते.

म्हणून ब्राउझरची भाषा सर्व्हरवर नेणे हा कमी घर्षणाचा मार्ग ठरतो. रायन डाल यांनी २००९ मध्ये सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे नोड-जेएस आणले तेव्हा तो प्रयोग होता; आज त्याच्याबद्दल शंका घेण्याचे कारण राहिलेले नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेल्या टाइपस्क्रिप्टने त्यावर प्रकारांची, म्हणजे टाइप्सची शिस्त घातली. तिचे प्रमुख रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग हे सी-शार्पचेही रचनाकार असल्यामुळे जावा शिकून आलेल्या मुलांना तिची धाटणी परकी वाटत नाही.

खाडीपलीकडे

मी वाशीला असतो आणि बरीच वर्षे सी-शार्पमध्ये काम करतो, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. पैशांचे सॉफ्टवेअर आहे, हे वरच्या प्रतिसादात पुरेसे लक्षात घेतलेले दिसत नाही. जावास्क्रिप्टमध्ये दशांशासाठी स्वतंत्र प्रकारच नाही. तिथली साधी संख्या द्विमान अपूर्णांक असते, म्हणजे बरेच दशांश तिच्यात नेमके बसत नाहीत, त्यामुळे १.००५ ही संख्या दोन दशांश स्थळांपर्यंत मागितली तर १.०१ न येता १.०० येते. सी-शार्पमध्ये डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे आणि २८ अंकांपर्यंतची रक्कम तो जशीच्या तशी धरून ठेवतो. २०२० पासून ब्लेझर वेबअसेम्ब्लीमुळे तोच सी-शार्प कोड ब्राउझरमध्येही चालतो. एकदा लिहिलेला व्याजाचा नियम दोन्हीकडे अक्षरशः तोच राहतो, आणि कंपायलर प्रकारांच्या बाबतीत टाइपस्क्रिप्टपेक्षा कडक आहे.

याची किंमत एवढीच की पहिल्या वेळी पान उघडताना डॉटनेटचे, म्हणजे सी-शार्प ज्यावर चालते त्या यंत्रणेचे, सगळे सामान ब्राउझरला उतरवून घ्यावे लागते आणि ते काही मेगाबाइट भरते. कार्यालयातल्या संगणकावर ते एकदा उतरले की पुढे त्रास होत नाही.

शीव स्थानक

दोन्ही प्रतिसाद वाचले. माझा प्रश्न असा आहे की ब्राउझरमध्ये गणित कशासाठी करायचे? सचिवांनी आकडा भरला की तो सर्व्हरकडे पाठवावा, सर्व्हरने बिलाचा तेवढा तुकडा एचटीएमएलमध्ये परत द्यावा आणि ब्राउझरने तो जागेवर बसवावा. एचटीएमएक्ससारखी छोटी लायब्ररी त्यासाठी पुरते. नियम फक्त पायथनमध्ये राहतील, जँगोही टिकेल, आणि दोन भाषांचा प्रश्नच उरणार नाही. एलिक्सरच्या जगात फिनिक्स लाइव्ह-व्ह्यू आणि रुबीच्या जगात हॉटवायर हेच काम करतात.

एकच भाषा दोन्हीकडे नेण्याआधी दुसऱ्या बाजूला भाषेची गरज किती आहे, हे मोजून पाहावे असे मला मनापासून वाटते. बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये ती फारच थोडी असते.

पाचवी गल्ली (धागाकर्ता)

शीव स्थानक यांचा मुद्दा रास्त आहे आणि बहुतेक पानांना तो लागूही पडेल. पण एक महत्त्वाचे काम त्यात बसत नाही. काही संस्थांमध्ये प्रत्येक सदनिकेला पाण्याचे स्वतंत्र मीटर आहे. महिनाअखेरीस व्यवस्थापक फोन हातात घेऊन तळघरातल्या पार्किंगपासून गच्चीवरच्या टाक्यांपर्यंत फिरतात आणि मीटरवरचे आकडे भरतात. तळघरात नेटवर्क मिळत नाही. आकडा भरल्याबरोबर मागच्या महिन्याशी तुलना व्हावी, पाण्याची रक्कम दिसावी, आणि आकडा अशक्य असेल तर तिथल्या तिथे सूचना मिळावी, अशी त्यांची गरज आहे, कारण एका आकड्यासाठी पुन्हा तळघरात उतरायला कोणी तयार नसते. म्हणजे गणित आणि तपासणी फोनमध्ये, जोडणीशिवाय झाली पाहिजे.

ब्लेझरबद्दलची शंकाही इथेच येते. व्यवस्थापकांचे फोन साधे असतात आणि त्यांतली जागा आधीच भरलेली असते.

बोरिवली पूर्व

जोडणीशिवायची ही अट धाग्याच्या सुरुवातीलाच आली असती तर चर्चा लवकर मार्गी लागली असती. ती असेल तर टाइपस्क्रिप्टच घ्यावी, असे माझेही मत आहे. पण दोन्हीकडे एक भाषा आली की दोन्हीकडे एकच उत्तर येईल, हा समज धोक्याचा आहे, त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

तारखेपासून सुरू करू. मुंबईतल्या फोनवर १ एप्रिलची मध्यरात्र दाखवणारी तारीख तयार केली आणि ती नेहमीच्या आयएसओ पद्धतीने मजकुरात बदलून सर्व्हरला पाठवली, तर तिथे ३१ मार्च, १८:३० अशी पोहोचते, कारण भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्या मजकुरातली पहिली दहा अक्षरे तारीख म्हणून साठवली की बिल सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. सर्व्हर मुंबईतल्याच डेटा सेंटरमध्ये असला तरी त्याचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर लावलेले असते, त्यामुळे भौगोलिक जवळिकीचा इथे काही उपयोग होत नाही. भाषा दोन्हीकडे तीच, फंक्शनही तेच, आणि उत्तरे मात्र दोन. बिलाची तारीख ही वेळ नाही, ती कॅलेंडरवरची नोंद आहे; तिला वर्ष-महिना-दिवस अशा साध्या मजकुरातच ठेवावे आणि वेळेच्या प्रकारात कधीच घालू नये.

दुसरी गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांना जास्त जाणवते. अनेकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो आणि तो देवनागरी अंक देतो. ‘१२’ हा देवनागरी मजकूर पायथनच्या इंटला दिला तर तो निमूटपणे बारा समजतो. जावास्क्रिप्टच्या नंबरला दिला तर ‘ही संख्या नाही’ असे उत्तर येते. उलट आकडा दाखवताना जावास्क्रिप्टला मराठी-भारत हे स्थानिक रूप सांगितले की ती स्वतःहून १२,३४,५६७ असे देवनागरी अंक आणि लाखांचे स्वल्पविराम देते. म्हणजे तुमच्याच पडद्यावरचा आकडा कोणी उचलून दुसऱ्या चौकटीत चिकटवला तर ती चौकट तो नाकारील. नव्या रचनेत अंक वाचणारे एकच फंक्शन ठेवा, त्यात देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदला, आणि फोन व सर्व्हर दोघांनाही तेच वापरायला लावा. एक भाषा असल्याचा खरा फायदा अशा ठिकाणी मिळतो.

नावाच्या लांबीचेही तसेच आहे. ‘मुंबई’ची लांबी जावास्क्रिप्टमध्ये ५ भरते, तर गो भाषेत बाइटांनुसार मोजली की १५. दोन वेगळ्या भाषा ठेवणाऱ्यांना हा फरक तेव्हाच कळतो, जेव्हा पडद्याने स्वीकारलेले लांबलचक मराठी नाव सर्व्हर परत पाठवतो.

शेवटचा मुद्दा टाइपस्क्रिप्टच्या स्वभावाचा आहे. तिचे प्रकार लिहिताना तपासले जातात आणि चालवताना पुसले जातात. नोडच्या अलीकडच्या आवृत्त्या टाइपस्क्रिप्टची फाइल थेट चालवतात, पण त्याही प्रकार फक्त काढून टाकतात, तपासत नाहीत. फोनवरून आलेल्या मीटरच्या नोंदीला तुम्ही कोडमध्ये संख्या म्हटले म्हणून ती संख्या होत नाही. सर्व्हरच्या दारात तिची खरी तपासणी झालीच पाहिजे. झॉडसारख्या लायब्ररीत नोंदीचा आराखडा एकदा लिहिला की त्यातूनच प्रकारही मिळतो आणि चालतानाची तपासणीही; तोच आराखडा फोनमधल्या चौकटीलाही लावता येतो.

मध्य रेल्वे

बोरिवली पूर्व यांच्याशी पूर्ण सहमत. राउंडबद्दल लिहिताना माझ्याकडून एवढेच सांगायचे राहिले होते की ऋण रकमेचे वागणे वेगळे असते. उणे २.५ ला जावास्क्रिप्टचे मॅथ-राउंड उणे २ करते. सभासदाला परतावा द्यायचा असेल किंवा जादा भरणा पुढच्या बिलात वळता करायचा असेल, तर ही बाजू आधी ठरवून घ्या.

लॅमिंग्टन रोड

सुरक्षिततेचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून लिहीत आहे. नोडच्या जगात एक पॅकेज घेतले की त्याच्यामागून अनेक पॅकेजे येतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या नोडच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारावरून काढून घेतले आणि जगभरचे प्रकल्प बिल्ड होईनासे झाले. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीममध्ये क्रिप्टो चलन चोरणारा कोड घुसवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक आणि डीबग यांसारख्या, जवळपास प्रत्येक प्रकल्पात कुठेतरी असणाऱ्या पॅकेजांच्या देखभालकर्त्याचे खाते फसवून घेतले गेले आणि घातक आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या.

सभासदांची नावे, सदनिका क्रमांक आणि थकबाकी तुमच्याकडे असणार आहे. पॅकेजे मोजकी घ्या, लॉक फाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) नेहमी तुमच्या कोडच्या भांडारात ठेवा, सर्व्हरवर एनपीएम सीआय हीच आज्ञा वापरा म्हणजे लॉक फाइलबाहेरची आवृत्ती येणार नाही, आणि पॅकेजांना स्थापनेच्या वेळी आपापल्या स्क्रिप्ट चालवण्याची सरसकट मुभा देऊ नका. आवृत्ती प्रसिद्ध झाल्या दिवशीच ती घेण्याची घाई बिलांच्या सॉफ्टवेअरला कधीच नसते. जँगोमध्ये लॉगिन, फॉर्म, डेटाबेसची स्थलांतरे आणि प्रशासनाचा पडदा एकाच विश्वासू प्रकल्पातून मिळत होते. नोडवर गेल्यावर हे सगळे तुम्हाला वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवावे लागेल, ही किंमत हिशेबात धरा.

नवी पायवाट

मी ठाण्यातल्या एका लहान कंपनीत टीम सांभाळते आणि दरवर्षी नव्या मुलामुलींना कामाला लावते, त्या अनुभवावरून लिहिते. जावा शिकलेल्यांना टाइपस्क्रिप्ट लिहायला येते, हे खरे आहे. अडखळतात ते नोडच्या चालण्याच्या पद्धतीत. नोडमध्ये तुमचा कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालतो. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहताना तो इतरांची कामे करतो, पण स्वतः गणित करत बसला की बाकी सगळे थांबतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला मोठ्या संस्थेची सगळी बिले पीडीएफमध्ये काढायचे काम एखाद्याने मुख्य सर्व्हरमध्येच लिहिले, तर त्या वेळी दुसऱ्या संस्थेच्या सचिवांना लॉगिनचे पानही उघडणार नाही. असे काम रांगेत टाकून वेगळ्या प्रक्रियेकडे सोपवायचे असते, आणि ते पहिल्या आठवड्यातच शिकवावे लागते.

माझी सूचना अशी की जँगो लगेच मोडू नका. बिलाचे नियम तेवढे शुद्ध फंक्शनांच्या रूपात एका छोट्या टाइपस्क्रिप्ट पॅकेजमध्ये काढा. त्यात डेटाबेस नको, नेटवर्क नको, आजची तारीख विचारणेही नको. आकडे आत, बिल बाहेर. हे पॅकेज फोन वापरेल आणि सर्व्हरवरची एक लहान नोड सेवाही वापरेल, आणि जँगो त्या सेवेला बिल विचारेल. नियम एकाच जागी आले की उरलेला पायथन कधी बदलायचा, किंवा बदलायचाच का, हे सवडीने ठरवता येईल.

नियम एकाच जागी असण्याची गरज जीएसटीवरून चांगली समजते. वर्गणी बरोबर ७,५०० असेल तर कर शून्य. ५० पैसे जास्त असतील तर वित्त मंत्रालयाच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पूर्ण रकमेवर १८ टक्के, म्हणजे १,३५० रुपयांहून अधिक कर. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कर केवळ ७,५०० च्या वरच्या भागावर असावा, असे म्हटले. कोणता अर्थ लावायचा ते संस्थेचे लेखापरीक्षक सांगतील, पण तो अर्थ दोन भाषांतल्या दोन फाइलींत लिहिलेला असेल तर एखाद्या महिन्यात एक बदलली जाते आणि दुसरी तशीच राहते.

शीव स्थानक

तळघराचे कारण मला पटले. नवी पायवाट यांच्या रचनेत मी एकच भर घालीन. नमुना बिलांचा एक तक्ता आधी तयार करा. आत जाणारे आकडे आणि अपेक्षित उत्तर, दोन्ही लेखापरीक्षकांकडून तपासून घेतलेले असावेत. जुना पायथन आणि नवे टाइपस्क्रिप्ट या दोघांनाही प्रत्येक बदलानंतर त्याच तक्त्यातून जाऊ द्या. भाषा एक असो की दोन, हा तक्ता लागतोच. तो तयार असेल तर बदलाच्या मधल्या काळात दोन भाषा शेजारी-शेजारी नांदल्या तरी भीती वाटणार नाही.

खाडीपलीकडे

फोनमधल्या जागेची अडचण मान्य आहे, त्यामुळे ब्लेझरचा आग्रह सोडतो. डेसिमलचा मुद्दा मात्र सोडत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये रकमा कशा ठेवणार आहात, हे इथे स्पष्ट व्हायला हवे.

पाचवी गल्ली (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही नियमांचे पॅकेज टाइपस्क्रिप्टमध्ये करायचे ठरवले आहे. मीटरचा पडदाही त्याच भाषेत होईल. जँगो निदान पुढचे आर्थिक वर्ष राहील आणि नमुना तक्त्याचे काम उद्यापासूनच सुरू होईल. सर्व रकमा पूर्णांक पैशांत ठेवण्याचा विचार आहे. त्यात दोन शंका आहेत. मोठ्या संस्थेच्या रकमा पैशांत मांडल्यावर जावास्क्रिप्टच्या मर्यादेबाहेर तर जाणार नाहीत ना? आणि व्याजात अपूर्णांक येतोच, तो कुठे हाताळायचा?

बोरिवली पूर्व

मर्यादेची काळजी नको. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचे पूर्णांक अचूक धरते. एवढे पैसे म्हणजे सुमारे ९० लाख कोटी रुपये होतात.

व्याजात ०.२१ ही संख्या कोडमध्ये कुठेही येऊ देऊ नका. दर पूर्णांकात ठेवा, आधी सगळे गुणाकार करा, भागाकार एकदाच आणि शेवटी करा, आणि पूर्णांकात आणणेही त्याच ठिकाणी, तुमच्या स्वतःच्या फंक्शनने होऊ द्या. समजा ५०,००० रुपयांची थकबाकी ३१ दिवसांची आहे आणि दर २१ आहे. पैशांत ती ५०,००,००० होते. तिला २१ ने आणि ३१ ने गुणले की ३,२५,५०,००,००० येतात. त्याला शंभर गुणिले ३६५, म्हणजे ३६,५०० ने भागले की ८९,१७८ पैसे आणि वर थोडा अपूर्णांक येतो. व्याज ८९१ रुपये ७८ पैसे. लीप वर्षात ३६५ धरायचे की ३६६, हे मात्र संस्थेच्या समितीकडून लेखी घ्या, आणि दोन्ही उत्तरे नमुना तक्त्यात वेगवेगळ्या ओळींत ठेवा.